भिंतीवरचं चित्र आणि त्याची किंमत

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या बचत गटांच्या वतीनं आम्ही आज बोलतोय. आमच्या गटांतल्या काही जणी पापड, मसाला, गोधड्या यांच्या जोडीला हातानं काढलेली छोटी चित्रं विकायला लागल्या आहेत. वहीच्या पानाएवढी, कधी त्याच्या निम्मी. यात्रेत किंवा प्रदर्शनात टेबल मांडलं की येणारी माणसं दोन प्रश्न हमखास विचारतात. पहिला, "हे हातानं काढलंय की छापलंय?" आणि दुसरा, "एवढ्याशा कागदाचे एवढे पैसे?"

हे प्रश्न विचारणाऱ्यांचा आम्हाला राग येत नाही. पण आम्ही एकत्र बसलो आणि ठरवलं, की याचं उत्तर देण्याआधी आपल्या भागातला चित्रांचा इतिहास बघूया. चित्र कोण काढायचं, ते कुणासाठी असायचं आणि त्याचे पैसे कुणाच्या हातात पडायचे? वाचलं, विचारलं, औंधला जाऊन आलो. जे हाती लागलं ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

किंमत नसलेली चित्रं

सुरुवात घरापासून करू. चैत्रात ज्या घरी गौर बसते, तिथं अंगणात चैत्रांगण काढतात. गोपद्मं, शंख, चक्र, कमळ, तुळशीवृंदावन, हत्ती, कासव, नाग, सूर्य-चंद्र अशी एकेक खूण चिमटीतल्या रांगोळीनं उतरत जाते. नागपंचमीला पाटावर किंवा भिंतीवर गंधानं नाग काढतात. श्रावणात जिवती येते. नरसिंह, कालियावर उभा कृष्ण, मुलं खेळवणाऱ्या जरा-जिवंतिका, आणि हत्तीवर नि वाघावर बसलेले बुध-बृहस्पती. शुक्रवारी तिची पूजा करायची आणि लेकरांना ओवाळायचं.

आज जिवतीचा छापील कागद वाण्याकडे मिळतो. पण आमच्या गटातल्या म्हाताऱ्या आक्का सांगतात, की त्यांची आजी भिंतीवर गंधानं जिवती काढायची. शेजारणींना जमायचं नाही, म्हणून चार घरी जाऊन काढून द्यायची. बदल्यात काय मिळायचं? ओटी भरायच्या, वाटीभर गूळ द्यायच्या. पैसे? आक्का हसल्या. म्हणाल्या, "देवाच्या चित्राचे पैसे कोण मागतंय गं?"

मैत्रिणींनो, हे वाक्य लक्षात ठेवा. पुढच्या सगळ्या गोष्टीत ते आडवं येणार आहे. बाई जे चित्र काढत होती ते व्रताचं होतं, सणाचं होतं, म्हणून त्याला मोल नव्हतं. ते दुसऱ्या दिवशी पुसलं जायचं किंवा पुढच्या वर्षीच्या सारवणाखाली जायचं. त्यावर नाव घालायचा तर प्रश्नच नव्हता.

दरबारातले चितारी

आता घराबाहेर येऊ. चित्र काढून पोट भरणारी माणसं आपल्याकडे होती, त्यांना चितारी म्हणत. वाईजवळ मेणवलीला कृष्णेच्या काठी नाना फडणीसांचा वाडा आहे. अठराव्या शतकातला. तिथल्या भिंतींवर त्या काळातली चित्रं अजून दिसतात, रंग उडालेले असले तरी. वाड्यात गेलेली माणसं घाट बघतात, चिमाजी अप्पांनी वसईहून आणलेली घंटा बघतात आणि जमलं तर ती चित्रंही बघतात. पण ती कुणी काढली हे विचारलं तर नानांचं नाव सांगितलं जातं, काढणाऱ्याचं नाही. चितारी राबला, त्याला मजुरी मिळाली आणि चित्र वाड्याचं झालं.

त्याच नानांचं चित्र काढणाऱ्या एका परक्या माणसाचं नाव मात्र आपल्याला पक्कं ठाऊक आहे. जेम्स वेल्स नावाचा स्कॉटिश चित्रकार १७९२ च्या सुमारास पुण्यात आला. त्यानं नाना फडणीस, सवाई माधवराव, महादजी शिंदे यांची चित्रं काढली. त्याच्या हाताखाली इथली काही मुलं शिकली. त्यातले गंगाराम तांबट आज ओळखले जातात, कारण त्यांची रेखाटनं कागदावर होती, जपली गेली आणि त्यांच्या नावानं जपली गेली.

इथं आम्हाला पहिली गोष्ट समजली. भिंतीवरचं चित्र घरमालकाचं होतं. कागदावरचं चित्र हलवता येतं, ठेवता येतं, विकता येतं, आणि त्यावर नाव असलं तर काढणाऱ्याचं नावही त्याच्याबरोबर फिरतं.

छापखाना आला

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सगळं बदललं. १८७८ मध्ये पुण्यात चित्रशाळा छापखाना निघाला. विष्णुशास्त्री चिपळूणकर त्याच्या संस्थापकांपैकी एक. देवादिकांची आणि मराठ्यांच्या इतिहासातली रंगीत चित्रं तिथं छापली जायची. पुढं १८९४ मध्ये राजा रविवर्मा यांनी मुंबईत शिळाप्रेस सुरू केला, तो नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. लक्ष्मी, सरस्वती यांची त्यांनी काढलेली रूपं छापून देशभर गेली. आज आपण डोळे मिटून लक्ष्मी आठवली तर जी साडी नेसलेली, कमळात उभी असलेली बाई दिसते, ती बरीचशी त्याच छापखान्यातून आली आहे.

याचा फायदा मोठा झाला. जे चित्र राजवाड्यातच टांगलं जायचं, ते गरिबाच्या झोपडीत आलं. चार पैशात देव भिंतीवर आला. यात वाईट काहीच नाही. पण त्याच्याबरोबर आणखी एक झालं. जिवती काढणाऱ्या आजीची गरज संपली. कागद विकत आणला की झालं. आणि गंमत बघा, भिंतीवर हातानं काढलेल्या जिवतीला किंमत नव्हती, छापील जिवतीला मात्र होती. देवाच्या चित्राचे पैसे कोण मागतंय, असं म्हणणाऱ्या बाईनंच ते दुकानात मोजले. पैसे कागदाचे, शाईचे, छापखान्याचे, दुकानदाराचे. तिच्या हाताचे तेवढे नव्हते.

"हे छापलंय का?" हा जो प्रश्न आज आम्हाला विचारतात, त्याचं मूळ इथं आहे. शंभराहून जास्त वर्षं आपल्या डोळ्यांना छापील चित्राची सवय आहे, आणि छापील चित्राच्या किमतीची सुद्धा.

औंध आणि किर्लोस्करवाडी

आता आपल्या दोन्ही जिल्ह्यांची गोष्ट. आधी एक खुलासा. आज ज्याला आपण सांगली जिल्हा म्हणतो, तो १९४९ मध्ये दक्षिण सातारा म्हणून झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. त्याच्या आधी या भागात इंग्रजांचा सातारा जिल्हा होता आणि मध्ये मध्ये संस्थानांचे तुकडे होते. औंध हे त्यातलं एक छोटं संस्थान. राजधानी औंध आजच्या साताऱ्यातल्या खटाव तालुक्यात, आणि त्याचीच आटपाडी, कुंडल ही गावं आज सांगलीत.

या औंधचे राजे भवानराव उर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी. सूर्यनमस्कारांचा प्रसार करणारे म्हणून आपल्याला ते माहीत असतात. ते स्वतः चित्रकार होते. १९१६ मध्ये त्यांनी रामायणावरची स्वतःची चित्रं 'चित्ररामायण' म्हणून छापून काढली. १९३८ मध्ये औंधच्या यमाईच्या डोंगरावर त्यांनी श्री भवानी चित्रसंग्रहालय बांधलं. रविवर्मांची, धुरंधरांची चित्रं तिथं आहेतच, पण आमच्या बायकांचे पाय अडकले ते लघुचित्रांपाशी. राजस्थानी, पहाडी, मोगल कलमेची ही चित्रं वहीच्या पानाएवढीच असतात. एका कमरपट्ट्यात वीस ठिपके आणि प्रत्येक ठिपका वेगळा. आमच्यातली एक मुलगी काचेला नाक लावून उभी राहिली आणि म्हणाली, "ताई, ही आपल्यापेक्षाही बारकी आहेत की!" 'एवढ्याशा कागदाचे एवढे?' याचं उत्तर तिला तिथंच मिळालं. चित्राची किंमत इंचावर ठरत नाही.

संग्रहालयाची जागाही बघा. यमाईच्या दर्शनाला जाणाऱ्या माणसाला ते वाटेवरच लागतं. कोरेगावचा, विट्याचा शेतकरी देवीला जाता-येता मूळ चित्र बघू शकत होता. आजही बघू शकतो.

बाळासाहेबांनी आणखी दोन माणसांना जागा दिली. श्रीपाद दामोदर सातवळेकर, मूळचे सावंतवाडीकडचे. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेले चित्रकार. हैदराबादला आणि लाहोरला त्यांनी चित्रशाळा चालवली, व्यक्तिचित्रं काढून संसार केला. पुढं ते वेदांचे अभ्यासक म्हणून औंधला येऊन राहिले. आणि दुसरे लक्ष्मणराव किर्लोस्कर. त्यांना चित्रकार व्हायचं होतं, तेही जे. जे.मध्ये गेले होते. पण रंग नीट ओळखता येत नाहीत असं लक्षात आलं, म्हणून ते यंत्रांच्या आराखड्यांकडे वळले. १९१० मध्ये औंधच्या राजांनी दिलेल्या कुंडलजवळच्या माळावर त्यांनी कारखाना उभा केला. तीच किर्लोस्करवाडी. नांगर, चरक तिथं झाले हे सगळ्यांना माहीत आहे. पण लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव, म्हणजे शं. वा. किर्लोस्कर, तेही चित्रकार. लाहोरला जाऊन सातवळेकरांच्या हाताखाली शिकून आले. त्यांनी १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' काढलं आणि १९३० मध्ये 'स्त्री' हे मासिक. बायकांनी लिहावं, वाचावं, विचार करावा म्हणून निघालेलं मासिक एका चित्रकारानं, सांगलीच्या माळरानावरून काढलं, याचा आम्हाला फार अभिमान वाटला.

मग आम्ही एक साधा प्रश्न स्वतःला विचारला. या सगळ्या गोष्टीत चित्र काढून चार पैसे मिळवणारी आपल्या भागातली बाई कुठं आहे? मुंबईत होत्या. धुरंधरांची मुलगी अंबिका जे. जे.त शिकली, चित्रकार झाली. पण तिच्या घरातच चित्रकार बाप होता. आपल्याकडे राजाचा आश्रय होता, कारखाना होता, मासिक होतं. बाई लेखणी हातात घेऊ लागली होती. कुंचला मात्र अजून सणापुरताच होता. १९४८ मध्ये संस्थानं विलीन झाली, तेव्हा तो आश्रयही संपला.

कागद कुणाच्या हातात?

आता थोडं लांब जाऊया, कारण आपला प्रश्न तिथं जास्त स्पष्ट दिसतो.

१९६६-६७ मध्ये बिहारात दुष्काळ पडला. माण, खटाव, जत, आटपाडीच्या बायांना दुष्काळ काय असतो हे सांगायला नको. १९७२ साली खडी फोडायला गेलेल्या सासवा आपल्या घराघरांत आहेत. बिहारात मिथिला भागातल्या बायका लग्नात, सणात मातीच्या भिंतींवर चित्रं काढायच्या. आपल्या जिवतीसारखीच, किंमत नसलेली. अखिल भारतीय हस्तकला मंडळाच्या पुपुल जयकर यांनी तिथं एका मराठी चित्रकाराला पाठवलं. भास्कर कुलकर्णी त्यांचं नाव. त्यांनी बायकांना कागद दिले आणि सांगितलं, भिंतीवर काढता तेच यावर काढा, आम्ही विकत घेऊ. दुष्काळात घरात पैसा आला. जगदंबा देवी, सीता देवी, गंगा देवी या बायका नावानं ओळखल्या जाऊ लागल्या. तिघींनाही पद्मश्री मिळाली. जगदंबा देवींना १९७५ मध्ये.

हेच भास्कर कुलकर्णी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला आपल्याकडे डहाणूच्या वारली पाड्यांवर गेले. तिथं लग्नाचा चौक काढायचा मान सुवासिनींचा. तांदळाच्या पिठानं, बांबूच्या काडीनं, गेरूच्या भिंतीवर त्या पालघाट देवीचा चौक लिहायच्या. इथंही कागद आला. पण इथं तो प्रामुख्यानं पुरुषांच्या हातात गेला. जिव्या सोमा मशे हे त्यातले सर्वांत मोठे. फार थोर कलावंत. त्यांनी लग्नाच्या चौकाबाहेर येऊन शेती, मासेमारी, मुंग्या, झाडं, सगळं आयुष्य त्या पांढऱ्या रेघांत आणलं. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये ते गेले. त्यांच्या थोरवीबद्दल आमच्या मनात शंका नाही. पण ज्या सुवासिनींनी पिढ्यानपिढ्या तो चौक जपला, त्यातल्या किती जणींची नावं आपल्याला सांगता येतील?

कागद देणारा माणूस एकच. मिथिलेत बाईचं नाव झालं, डहाणूत आधी पुरुषाचं झालं. असं का? आमच्या परीनं आम्ही असा अर्थ लावला. कागद देणाऱ्यापर्यंत कोण जातं, शहरात प्रदर्शनाला कोण जातं, पैसे कोण मोजून घेतं, यावर नाव कुणाचं होणार हे ठरतं. कला कुणाची होती हा प्रश्न त्यानंतर येतो. आता वारली चित्रं काढून विकणाऱ्या बायकाही पुष्कळ आहेत, ही चांगली गोष्ट आहे. पण पहिली गाडी चुकली की मागनं धावावं लागतं.

तिसरं उदाहरण सावंतवाडीचं. तिथले गंजिफे, म्हणजे हातानं रंगवलेले गोल पत्ते. दशावताराच्या एका संचात १२० पत्ते, प्रत्येक पत्ता म्हणजे एक छोटं चित्रच. छापील पत्ते आल्यावर हे बंद पडत चालले होते. म्हातारे चितारी एखाद-दुसरेच उरले होते. तेव्हा शिवरामराजे आणि राणी सत्त्वशीलादेवी भोसले यांनी ती कला त्यांच्याकडून शिकून घेतली आणि राजवाड्यातच कारागीर बसवले. सत्त्वशीलादेवी स्वतः कुंचला घेऊन बसायच्या. खेळणारे उरले नव्हते, म्हणून तीच नक्षी डब्यांवर, पाटांवर आली. वस्तू बदलली, हात तोच राहिला. म्हणून ती टिकली.

आमचा हिशेब

हे सगळं आम्ही पुस्तकी हौस म्हणून शोधलं नाही. मागच्या वर्षी एक व्यापारी आमच्याकडे आला. चित्रं त्याला आवडली. म्हणाला, वीस चित्रं द्या, एकरकमी पैसे देतो. अट एवढीच, की खाली नाव घालायचं नाही आणि त्याच्या प्रती छापून तो हव्या तेवढ्या विकणार. रक्कम बरी होती. आमच्यात एक जण अशी होती, जिला मुलीच्या फीसाठी तेव्हाच पैसे हवे होते. गटाची बैठक रात्री उशिरापर्यंत चालली. काही जणी म्हणाल्या, घ्या पैसे, चित्रं काय, उद्या पुन्हा काढू. काही म्हणाल्या, आपलीच छापील चित्रं आपल्याच शेजारी निम्म्या किमतीत लागली, तर आपलं टेबल कशाला मांडायचं?

शेवटी आम्ही सांगितलं, मूळ चित्रं घ्या, नावासकट. छापायचं असेल तर किती प्रती आणि प्रत्येकीमागं काय, ते लिहून द्या. तो पुन्हा आला नाही. फीसाठी गटाच्या बचतीतून कर्ज दिलं. ती मैत्रीण ते अजून फेडते आहे. आणि अधूनमधून विचारते, "आपण बरोबर केलं ना गं?" आम्ही तिला इतिहास सांगतो. पण हप्ता तिलाच भरायचा असतो, हेही आम्हाला कळतं. म्हणून हे नुसतं तत्त्व म्हणून सांगून भागत नाही. नाव जपायचं तर पाठीशी गटाची बचत लागते. औंधला राजा होता, मिथिलेत सरकारी मंडळ होतं. आपल्यामागं आपणच आहोत.

आता कामाच्या चार गोष्टी, लिहून घ्या.

चित्राच्या खाली कोपऱ्यात आपलं नाव आणि साल घाला. मागं गावाचं नाव लिहा. गटाचा शिक्का मारायचा तर मारा, पण काढणारीच्या नावाच्या जागी नव्हे, नावाच्या जोडीला.

मूळ चित्र विकलं म्हणजे ते छापायचा हक्क विकला, असं कायद्यात नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानं तो हक्क काढणाऱ्याकडे राहतो आणि लिहून दिला तरच दुसऱ्याकडे जातो. कुणी पैसे देऊन सांगून चित्र काढून घेतलं, किंवा पगारी नोकरीत चित्र काढलं, तर मात्र नियम वेगळा आहे. म्हणून कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर सही करू नका.

किंमत ठरवताना तासांचा हिशेब आधी करा. समजा एका चित्राला कागद, रंग, चौकट मिळून ९० रुपये लागले आणि चार तास गेले. तासाला ६० रुपये धरले तरी २४० झाले. म्हणजे ३३० ही तुमची घरची किंमत. प्रवास, टेबलाचं भाडं त्यावर. ३०० ला मागितलं आणि दिलं, तर ३० रुपये आपण आपल्या खिशातून घातले.

आणि छापील कार्ड विकायला हरकत नाही. ज्याला ३३० परवडत नाहीत, त्यानं २० रुपयांचं कार्ड न्यावं. फक्त पाटीवर स्वच्छ लिहा, हे छापील आणि हे हातचं. गिऱ्हाईक फसलं नाही तर पुन्हा येतं.

यंदा श्रावणात जिवतीचा कागद आणाल, तेव्हा एक कोरा कागदही आणा. घरातल्या म्हाताऱ्या बाईला विचारा, तुमच्या वेळी कशी काढायचे. ती सांगेल तशी काढा. एक देवाला लावा, आणि दुसरी नाव घालून गटाच्या बैठकीला घेऊन या. आक्कांना आम्ही परवा हेच सांगितलं. त्यांनी डोळ्यांना चष्मा लावला, कागद हातात घेतला, थोडा वेळ नुसताच बघितला आणि विचारलं, "नाव माझं घालायचं का आजीचं?"

आम्ही म्हटलं, दोघींचं घाला.